रात्री प्रिंटरमधून आपोआप पानं निघतात? आधी राऊटर उघडा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी पतसंस्थेचं ऑफिस, चार कॉम्प्युटर, एक पासबुक प्रिंटर आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेलं मोठं मल्टिफंक्शन मशीन. ते वायफायवर आहे. गेल्या महिन्यात तीनदा सकाळी शटर उघडलं तर ट्रेमध्ये वीस-पंचवीस पानं पडलेली. प्रत्येकावर वरच्या बाजूला इंग्रजीत एक-दोन ओळी, खाली कोरं. रात्री कॉम्प्युटर तर बंद होते. कुणी म्हणालं मशीन हॅक झालं, कुणी अठरा हजारांचा फायरवॉल (नेटवरून येणारं-जाणारं अडवणारं यंत्र) सुचवला, मॅनेजरसाहेब म्हणतात नेटच काढून टाका. आणि तुम्ही विचारता, प्रिंटरवर अँटिव्हायरस टाकता येतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही येत. आपल्या ऑफिसात असतात त्या मशीनवर आपल्याला बाहेरून काही टाकताच येत नाही. कंपनी फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) देते तेवढंच. पण तुमची अडचण अँटिव्हायरसने सुटणारीही नाही. मी पुसद-दिग्रस-उमरखेड पट्ट्यात वीसेक वर्षं प्रिंटर आणि नेटवर्कचं काम करतोय. माझा अनुभव असा की 'प्रिंटर हॅक होतो का' हा प्रश्न विचारून माणूस नुसता घाबरतो. विचारायचं ते वेगळंच: आपल्या प्रिंटरपर्यंत कोण कोण पोचू शकतं? आणि पोचल्यावर त्याला तिथं काय सापडेल? या दोन गोष्टी बघितल्या की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे आपोआप कळतं.

आता ती पानं. फेकली नसतील तर एक काढून बघा. वरची ओळ 'जीईटी' या तीन अक्षरांनी सुरू होते, मग एक तिरपी रेघ, मग 'एचटीटीपी' असं दिसतं का? तसं असेल तर प्रकार सरळ आहे. नेटवर्कवरच्या बहुतेक प्रिंटरमध्ये ९१०० नंबरचं एक पोर्ट उघडं असतं. त्या दाराला पहारेकरी नाही. तिथून जे येईल ते कागदावर उतरवायचं, एवढंच त्याला ठाऊक. इंटरनेटवर दिवसरात्र फिरणारे प्रोग्राम असतात, ते एकेक पत्ता घेऊन दार वाजवत जातात आणि 'तू वेबसाइट आहेस का' असं विचारतात. वेबसाइट असती तर तिने उत्तर दिलं असतं. प्रिंटर बिचारा तो प्रश्नच छापून मोकळा होतो. म्हणजे तुमच्या पतसंस्थेवर कुणी डोळा ठेवून बसलंय असं नाही. पण बाहेरच्या कुणालाही तुमच्या प्रिंटरचं दार सापडतंय, हे मात्र त्या पानाने सिद्ध केलं.

ओळीत '@पीजेएल' असं काही दिसत असेल तर गोष्ट वेगळी. ती प्रिंटरची स्वतःची भाषा आहे. चुकीचा ड्रायव्हर टाकला, किंवा अर्धवट अडकलेलं काम परत सुटलं, की ती तशीच कागदावर येते. तो आपल्याच घरातला घोळ असतो. तिसरी शक्यताही सांगून ठेवतो. काही अँटिव्हायरस आपल्या नेटवर्कची तपासणी करतात, त्यांच्यामुळेही अशी पानं निघू शकतात. पण तुमचे कॉम्प्युटर रात्री खरंच बंद असतील, नुसता मॉनिटर बंद करून घरी जात नसाल, तर ही शक्यता मागे पडते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याच हातून झालेली चूक आहे. आमच्याकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात मालकाला घरून कॅमेरे बघायचे होते. त्यासाठी त्यांनी स्टॅटिक आयपी, म्हणजे कधी न बदलणारा बाहेरचा पत्ता, घेतला. कॅमेरेवाल्याने डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) १९२.१६८.१.६४ हा पत्ता दिला आणि राऊटरमध्ये डीएमझी चालू करून ठेवला. डीएमझी म्हणजे राऊटरला दिलेला हुकूम: बाहेरून आलेलं जे कुणाचं म्हणून कळत नाही, ते सगळं या एका पत्त्यावर ढकल. पुढे जूनमधल्या विजेने तो डीव्हीआर जाळला. नवा आला तो मोबाइल ॲपवर चालणारा, त्याला डीएमझी लागतच नव्हतं. जुनी सेटिंग तशीच राहिली. दिवाळीच्या आधी मी तिथं नवा प्रिंटर बसवला, पत्ता द्यायचा म्हणून रिकामा पत्ता शोधला, आणि नेमका ६४ दिला. राऊटर उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत.

कापसाचा सीझन सुरू झाला. एक दिवस पहाटे दिवाणजींचा फोन. "भाऊ, तुमचं मशीन भुताटकी करून राह्यलं, या पाहायला." जाऊन बघतो तर ट्रे भरून पानं खाली फरशीवर घरंगळलेली, कागद संपलेला, आणि बाहेर गाड्यांची रांग, कारण काटापावती निघेना. हातात घेतलेल्या प्रत्येक पानावर तीच ओळ. अर्ध्या तासाने डीएमझी सापडलं. एक खूण काढून टाकली, सेव्ह केलं, राऊटर बंद-चालू केला. त्यानंतर एकही पान निघालं नाही. खर्च शून्य. मालकाने चहा पाजला, पण बिल मी लावलं नाही, लावायला तोंडच नव्हतं.

म्हणून म्हणतो, आधी राऊटर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, किंवा राऊटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर असेल तो पत्ता. आत डीएमझी, पोर्ट फॉरवर्डिंग (काही ठिकाणी व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात) आणि यूपीएनपी अशी तीन पानं शोधा. डीएमझी बंद. यूपीएनपी बंद, कारण त्याच्यामुळे ऑफिसातली कुठलीही वस्तू राऊटरला परस्पर सांगून बाहेरचं दार उघडून घेऊ शकते. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ज्या ओळी आहेत त्यांचा मालक कोण, हे कॅमेरेवाल्याला आणि बायोमेट्रिक हजेरीवाल्याला फोन करून विचारा. मालक सापडला नाही ती ओळ काढून टाका. त्याच वेळी राऊटरचा पासवर्डही बदला. नेटवाल्याने टाकलेला 'ॲडमिन-ॲडमिन' अजून चालू असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

इथं एक गोष्ट तुमच्या कनेक्शनवर अवलंबून आहे. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरला नेट कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा. तो १० ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधला असेल, तर नेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे. अशा कनेक्शनवर बाहेरचा माणूस त्या जुन्या पद्धतीच्या पत्त्याने थेट तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही, आणि तुमची पानं बहुधा ऑफिसच्या आतूनच कुठून तरी येतायत. स्टॅटिक आयपी असेल तर मात्र जिनिंगचीच गत समजा. राऊटरवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू असेल तर त्याचा फायरवॉलही चालू आहे ना, तेवढं बघून घ्या. तो मार्ग वेगळा असतो.

असं फक्त आपल्याच तालुक्यात घडतं असं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात एका यूट्यूबरच्या चाहत्याने जगभरच्या सुमारे ५० हजार उघड्या प्रिंटरांवर 'याला सबस्क्राइब करा' असं छापून टाकलं होतं. २०२० मध्ये सायबरन्यूज या संस्थेने लोकांना जागं करायला म्हणून जवळपास २८ हजार प्रिंटरांवर 'तुमचा प्रिंटर सुरक्षित कसा ठेवाल' याची पानं काढली. दोन्ही वेळा कुठलंही मोठं डोकं लढवावं लागलं नाही. दार उघडंच होतं.

राऊटर झाला की प्रिंटरकडे वळा. माझी एक सवय आहे. प्रिंटरला कायमचा पत्ता देतो आणि गेटवेची जागा रिकामी ठेवतो. रिकामी घेत नसेल तर त्याच नेटवर्कमधला, पण कुणाचाच नसलेला पत्ता टाकतो. गेटवे म्हणजे घराबाहेर पडायची वाट. ती ठाऊक नसली की प्रिंटर ऑफिसातल्या कॉम्प्युटरशी नीट बोलतो, पण बाहेरून कुणी दार वाजवलं तर त्याला ओ देता येत नाही, आणि बोलणं तिथंच खुंटतं. प्रिंट काढायला इंटरनेट लागत नाही, हे आपण विसरूनच गेलोय.

तोटे आहेत, ते लपवत नाही. स्कॅन करून थेट ईमेल पाठवणं बंद पडेल. मोबाइलवरून क्लाउडमार्फत प्रिंट बंद. फर्मवेअर अपडेट आपोआप येणार नाही, वर्षातून दोनदा गेटवे परत टाकून किंवा पेनड्राइव्हने करून घ्यावं लागेल. भाड्याच्या मशीनचं मीटर रीडिंग कंपनी ऑनलाइन घेत असेल तर तेही थांबेल, महिन्याला फोटो पाठवावा लागेल. आणि एचपी प्लस योजनेतले प्रिंटर, ज्यांच्या मॉडेल नंबरच्या शेवटी बऱ्याचदा 'ई' असतो, त्यांना चालायलाच इंटरनेट लागतं. तिथं ही युक्ती वापरू नका. तुमच्या पतसंस्थेसाठी मात्र, तुम्ही लिहिलंय त्यावरून, मी वापरली असती.

मग प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड. प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं सेटिंगचं पान उघडतं. आपल्या भागात दहा ठिकाणी गेलो तर बहुतेक ठिकाणी तिथं पासवर्डच नसतो, किंवा कारखान्यातून आलेला असतो. 'कारखान्याचा आहे, प्रत्येक मशीनचा वेगळा आहे, मग काय बिघडलं' असं लोक म्हणतात. २०२५ च्या जूनमध्ये रॅपिड७ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की ब्रदरच्या शेकडो मॉडेलांमध्ये हा पासवर्ड मशीनच्या सीरियल नंबरवरून तयार केलेला असतो, आणि सीरियल नंबर कळला की पासवर्डही काढता येतो. आधी तयार झालेल्या मशीनमध्ये हे फर्मवेअरने पूर्ण दुरुस्त होत नाही. पासवर्ड स्वतः बदलणं हाच उपाय. बदललेला पासवर्ड मशीनवर चिकटवू नका. कपाटातल्या रजिस्टरमध्ये लिहा. तुमच्याकडे रजिस्टरला कुलूप असतं, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

त्याच पानावर वायफाय डायरेक्ट बंद करा. मोबाइलमध्ये नेटवर्कची यादी उघडली की 'डायरेक्ट' नावाने प्रिंटर स्वतःचंच वायफाय सोडताना दिसतो, तेच ते. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांवर त्याचा पासवर्ड १२३४५६७८ असाच येतो. बाहेरच्या पानठेल्यावर उभं राहूनही कुणी जोडू शकेल. तसंच ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड सभासदांना सांगत असाल तर राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क करून तोच त्यांना द्या. मोबाइल आणि मशीन एका खोलीत नकोत.

स्कॅनिंगची बाजू मला या सगळ्यात जास्त काळजीची वाटते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. स्कॅन कॉम्प्युटरमध्ये यावा म्हणून एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा करार घेतलेला माणूस) काय करतो? मुख्य कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर करतो, 'एव्हरीवन'ला पूर्ण परवानगी देतो, आणि मशीन जुनं असेल तर एसएमबी१ नावाची फाइल शेअर करायची जुनी सोय परत चालू करतो. काम होतं, तो निघून जातो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच एसएमबी१ मधल्या फटीतून. मायक्रोसॉफ्टने तिच्यावरचं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं, लोकांनी टाकलं नव्हतं. तुमच्या ठेवी-कर्जाचं सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर चालतं, त्यावर तर हे असूच नये. स्कॅनसाठी दुसरा कॉम्प्युटर घ्या, त्यावर 'स्कॅन' नावाचा साधा युजर करा, त्याला त्या एकाच फोल्डरची परवानगी द्या. तोच युजर आणि पासवर्ड मशीनमध्ये भरा. बऱ्याच ठिकाणी मशीनमध्ये थेट ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड भरलेला असतो. म्हणजे तिजोरीची किल्ली झेरॉक्सच्या ड्रॉवरमध्ये. ईमेलने स्कॅन हवाच असेल तर गेटवे भरलेला ठेवा आणि त्यासाठी वेगळं जीमेल खातं काढा. संस्थेचं खातं मशीनमध्ये टाकू नका.

कॉम्प्युटरवरची विंडोज अपडेट चालू ठेवा, हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. प्रिंटरच्या संदर्भात कारण एवढंच: २०२१ च्या जुलैत विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्येच (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या भागात) 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी फट सापडली. मायक्रोसॉफ्टला घाईघाईने अपडेट काढावं लागलं, सपोर्ट संपलेल्या विंडोज ७ साठीसुद्धा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या कॉम्प्युटरवरून कधीच प्रिंट निघत नाही, तिथं स्पूलर सर्व्हिस बंदच ठेवा. पासबुक प्रिंटर यूएसबीने लावलेला असेल तर त्याची काळजी करू नका. त्याची रिबन संपेल, बाकी त्याला काही होत नाही.

प्रत्यक्ष पैसे गेल्याची जी प्रकरणं माझ्याकडे आली, त्यात प्रिंटरमध्ये शिरलेला हॅकर एकदाही नव्हता. एका सेवा केंद्रावरचा पोरगा होता. पीक विम्याची गर्दी, प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, मागे लोक ओरडतायत. त्याने कंपनीचं नाव आणि 'हेल्पलाइन' असं गूगलवर शोधलं, वर आलेल्या पहिल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलला, एनीडेस्क (दुरून दुसऱ्याला आपली स्क्रीन चालवू देणारं ॲप) टाकायला लावलं, 'ड्रायव्हरचे दहा रुपये भरा' म्हणाला. संध्याकाळी खात्यातले चोवीस हजार गेले. माझ्याकडे तो तिसऱ्या दिवशी आला, प्रिंटर दुरुस्त करायला! १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायला त्याला मी सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. पैसे गेले की त्याच तासात १९३० लावायचा, मग बाकीचं. हेल्पलाइनचा नंबर मशीनच्या खोक्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचाच घ्या आणि आजच एका चिठ्ठीवर लिहून मशीनला चिकटवा. ही चिठ्ठी मात्र चिकटवलेली चालेल. ड्रायव्हरचंही तेच, 'फ्री ड्रायव्हर डाउनलोड' म्हणणाऱ्या साइट सोडून द्या.

मशीन परत करताना किंवा विकताना एक गोष्ट. मोठ्या मल्टिफंक्शनमध्ये बहुधा हार्डडिस्क असते आणि स्कॅन, प्रिंट, झेरॉक्स यांचा माग तिच्यात राहू शकतो. अमेरिकेत ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने भाड्याचे फोटोकॉपियर डिस्क न पुसता परत केले, आणि २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. इतक्या लांब कशाला, मी नागपूरहून एक सेकंडहँड मशीन आणलं, चालू केलं, तर ॲड्रेस बुकमध्ये कुठल्याशा ऑफिसच्या पंधरा-वीस लोकांचे ईमेल आणि एका फोल्डरचा पासवर्ड तसाच. तुमच्या मशीनमधून आजवर किती सभासदांचे आधार आणि सात-बारा गेले असतील, हिशेब करा. सेटिंगमध्ये 'इनिशियलाइज ऑल डेटा' किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो. मशीन दाराबाहेर पडायच्या आधी तो तुमच्यासमोर चालवून घ्या, आणि एएमसीच्या कागदावर तशी ओळ टाकून घ्या.

ट्रेमध्ये पडून राहिलेल्या कागदांबद्दल वेगळं सांगत नाही. मशीन काउंटरच्या बाहेरच्या बाजूला असेल तर आत घ्या, बस.

एवढं सगळं ऐकून गोंधळ झाला असेल तर क्रम असा ठेवा. आज राऊटर आणि दोन पासवर्ड. या आठवड्यात गेटवे आणि वायफाय डायरेक्ट. एएमसीवाला येईल तेव्हा स्कॅनचा युजर बदलणं, आणि तो करत असताना शेजारी बसा.

फायरवॉलचे अठरा हजार सध्या ठेवून द्या. तुमच्या दोन-तीन शाखा असत्या, सर्व्हर मुख्य ऑफिसात असता आणि शाखा नेटवरून त्याला जोडलेल्या असत्या, तर मीच घ्या म्हटलं असतं. चार कॉम्प्युटरसाठी घेतलात तर तो बसवणारा माणूसही बहुधा त्यात डीएमझी चालू करून जाईल. मॅनेजरसाहेबांचा नेट काढायचा विचारही नको, उद्या कामच बंद पडेल.

त्यांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेत व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर अचानक थांबला. लोकांना वाटलं नेहमीचाच बिघाड. प्रत्यक्षात चोरांनी कॉम्प्युटरमध्ये शिरून छपाईच बंद पाडली होती, म्हणजे चोरीचे व्यवहार कागदावर कुणाला दिसू नयेत. ८.१ कोटी डॉलर फिलिपिन्सला गेले. तेव्हा तुमच्याकडेही दिवसअखेरीचा अहवाल रोज निघतो आणि एक दिवस निघाला नाही, तर कॅट्रिज हलवायच्या आधी स्क्रीनवर व्यवहार मोजून घ्या.

राऊटरच्या तीन पानांचे आणि त्या छापील ओळीचे फोटो पाठवलेत तर मी नक्की सांगू शकेन की पानं बाहेरून आली की आतून. फक्त वॅन आयपीचा आकडा बोटाने झाकून फोटो काढा. त्याचे पहिले दोन आकडे, म्हणजे १००.६४ असे, एवढंच लिहिलं तरी पुरे.